सात नंबरचा नमुना

दादाच्या खोलीत खुर्च्या दोन आणि राहणारा माणूस एक. वहिनी गेल्याला बारा वर्षं झाली होती. दुसऱ्या खुर्चीवर एक उशी होती, तिचा अभ्रा दर रविवारी बदलला जाई, आणि त्या खुर्चीवर कोणी बसलेलं दादाला चालत नसे. त्याच इमारतीत वर राहणारी सख्खी बहीण आली तरी ती पलंगाच्या कडेवर बसे. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस चुकून तिथे टेकला, तर दादा इतक्या अदबीने म्हणाला, "तिथे एकजण बसलेत हो," की तो बिचारा मीटर न बघताच निघून गेला. दाराला कडी लावायचीही दादाने सोडून दिली होती. येणाऱ्याला ताटकळत ठेवू नये म्हणे.

येणारा कोण, हे बहिणीला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी दोनशे चौदा नंबरची बस चढावर पेटली. तेवीस प्रवासी उतरले. चालक सगळ्यांच्या मागून उतरायचा होता, तो उतरला नाही. तोच संध्याकाळी येतो, असं दादाचं म्हणणं. बोलत नाही, काही मागत नाही, नुसता बघत बसतो. "आणि मी तरी काय बोलणार त्याच्याशी," दादा म्हणे, "फिल्टर मीच साफ करायचा होता."

हे वाक्य आलं की बहीण चहाचे कप उचलून धुवायला जाई. तिला तिथून उठावंच लागे, कारण तो फिल्टर दादाने साफ केला होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. दादालासुद्धा नाही.

असं का, हे कळायला तिच्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल.

धुराचे फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं नमुने तयार करत होती. तिथे तिला सगळे काजळीबाई म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. तिला राग नव्हता. काजळी ही काय चीज आहे हे नव्याने लागलेल्या प्रत्येकाला एकदा कळायचंच. पहिल्या दिवशी कोणीतरी शहाणा बाटलीचं झाकण झटक्यात उघडे, आणि पुढचे चार दिवस नाक शिंकरलं की काळं. मग तो मुकाट्याने बाईंकडे येऊन विचारे, की तुमच्या पांढऱ्या कोटावर एक ठिपका कसा नाही? "श्वास रोखून काम करते," बाई म्हणत. ते खोटं नव्हतं.

काम सांगायला सोपं आहे. डिझेलच्या धुरात काजळी असते. ती बाहेर पडू नये म्हणून धुराच्या नळीत भाजलेल्या मातीच्या बारीक जाळीचा फिल्टर बसवतात. पण काजळी अडवली की साठते आणि साठली की नळी तुंबते. तिथल्या तिथे जाळावी म्हटलं तर ती सहाशे अंशांच्या आत पेट घ्यायला तयार नसते, आणि दर शंभर पावलांवर थांबणाऱ्या रडतखडत बसच्या धुराला तेवढी धग कुठली? म्हणून जाळीला आतून धातूंच्या ऑक्साइडचा लेप देतात. सिरियम, मँगनीज, कोबाल्ट, अशी नावं. ही पूड स्वतः जळत नाही. ती आपल्याजवळचा प्राणवायू काजळीला देते, हवेतून पुन्हा घेते, पुन्हा देते. काजळी मग बरीच कमी धगीवर जळून जाते. कुठली पूड किती अंशांवर हे साधते, ते शोधायचं.

त्यासाठी काजळी आणि पूड एकत्र करून चिमूटभर नमुना भट्टीतल्या तराजूवर ठेवायचा. वजन कधी घटतं ते बघायचं. खरी मेख एकत्र करण्यात होती. अकीक या कठीण दगडाच्या खलात दोन्ही घोटून घेतली की काजळीचा कण न् कण पुडीला चिकटतो, आणि आकडा फार सुंदर येतो. पण बसच्या नळीत कोणी खल घेऊन बसलेलं नसतं. तिथे काजळी उडत येते आणि जाळीवर नुसती टेकते. म्हणून खरी परीक्षा सैल मिश्रणाची. स्पॅच्युला नावाच्या चपट्या चमच्याने दोन मिनिटं हलकेच हलवायचं, दाबायचं अजिबात नाही. त्या आकड्यावर गाडीचं भवितव्य. घोटलेल्याचा आकडा नुसता तुलनेला.

आणि आमच्या काजळीबाईंचा जीव होता घोटण्यात. त्यांचा खल दुसऱ्या कोणी उचलला तर त्यांच्या कपाळावर आठी उमटे. मनगट न हलवता, बोटांनी बत्ता असा फिरवत, की आवाजसुद्धा गुळगुळीत येई. डॉक्टरसाहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, पाहुण्यांना मुद्दाम ते बघायला आणत. चमच्याने हलवण्यात असलं काही कौतुक नव्हतं. ते कोणीही करू शकलं असतं.

एका शुक्रवारी अकरा नमुने होते. सकाळी अकराच्या अकरा घोटून झाले. खल धुऊन तिने पालथा घातला. दुपारी तेच अकरा सैल करायचे होते. तिची पद्धत अशी, की अकरा स्वच्छ चमचे ओळीने मांडायचे, एका नमुन्याला एक, वापरला की बाजूच्या ताटलीत. कामाच्या मध्येच डॉक्टरसाहेब येऊन सांगून गेले, की वरच्या साहेबांचा विचार विभाग बंद करण्याचा आहे. काही चमकदार हाती लागलं तरच धडगत. त्याच विचारात तिने पुढचे नमुने उरकले.

संध्याकाळी आकडे आले. दहा नमुने पाचशेच्या वर. सात नंबर तीनशे चौऱ्याण्णव, जवळजवळ सकाळच्या घोटलेल्याइतकाच. डॉक्टरसाहेबांनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. "बाई," ते म्हणाले, "याला घोटायचीसुद्धा गरज नाही. नुसतं टेकलं की पेटतंय." ते तसेच वरच्या साहेबांकडे गेले. येताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन आले.

बाई आवरायला वळल्या. ताटलीत दहा काळे चमचे होते. ओळीत एक चकचकीत उरला होता. आणि सकाळी धुऊन पालथा घातलेला खल सुलटा होता, तळाशी काळसर थर घेऊन.

सवयीचा हात होता. मन विभाग बंद होण्यात गुंतलेलं, आणि हाताने आपलं आवडतं काम उचललं. इथवर चूक होती, आणि असली चूक कोणाच्याही हातून होईल. सोमवारी सांगू, असं म्हणून तिने खल धुतला.

सोमवारी डॉक्टरसाहेब म्हणाले, "सात नंबर पुन्हा एकदा करा बाई. सैलच. खात्री झालेली बरी." चूक सुधारायची ही सरळ संधी होती, दुसरं काही नाही. चमचा उचलायचा, आकडा पाचशेच्या वर जाईल, शुक्रवारचं काहीतरी चुकलं म्हणायचं, विषय संपला. तिने आजूबाजूला पाहिलं. आठ माणसांच्या नोकऱ्या होत्या, आणि डॉक्टरसाहेब कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच शीळ घालत होते. तिने खल उचलला. पुढे इंजिनावर चाचणी होईलच, तिथे पकडलं जाईल, असं तिने स्वतःला सांगितलं. आकडा आला तीनशे शहाण्णव.

इंजिनावरच्या चाचणीत पकडलं गेलं नाही. इंजिन पूर्ण भारावर तासन् तास पळवलं, धुराची नळी तापून लाल, त्या धगीत कुठलाही लेप पास झाला असता. सात नंबरचा लेप शहराच्या चाळीस बसमध्ये बसला. त्या बस ज्या डेपोत उभ्या राहत, तिथे तिचा दादा मेकॅनिक होता.

दादाकडे फिल्टर सोडवून साफ करायचं काम होतं, दर सहा महिन्यांनी. लेप काजळी जाळणार, मागे उरलेली राख तेवढी हवेच्या झोताने उडवायची. एका दुपारी तो चष्मा घरी विसरला म्हणून ती डेपोत द्यायला गेली. दोनशे चौदा दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती. दादा फिल्टर मांडीत घेऊन हवेचा पाइप मारत होता आणि डोळे सोडून पुरता काळा झाला होता. तिला बघून हसला तर दात तेवढे दिसले. "बघ, आज मी काजळीबाई," तो म्हणाला. मग जरा नवलाने पुढे म्हणाला, "तुमचा नवा लेप आहे ना याच्यात? मग एवढी काजळी राहतेच कशी?"

तिने चष्मा त्याच्या खिशात घातला. आपली बस चुकेल म्हणून ती निघाली.

सहा आठवड्यांनी दोनशे चौदा लांबच्या चढाला लागली. शहरात रांगताना काजळी जळली नव्हती, नुसती साठत गेली होती. चढावर धूर तापला आणि ती सगळी एकदम पेटली. फिल्टरचं कवच लाल झालं, वरच्या पत्र्यामागचं अस्तर धुमसलं, आणि मागच्या बाकांखाली आग दिसली. चालकाने गाडी कडेला घेतली, दारं उघडली, माणसं मोजून उतरवली. मग मागे कोणी राहिलं नाही ना बघायला तो परत वळला.

चौकशी बसली. हिशेब सरळ होता. फिल्टर गच्च भरलेला मिळाला. सहा आठवड्यांपूर्वी साफ केला असता तर इतका भरला नसता. म्हणजे साफ केलाच नाही, नुसती नोंदवहीत खूण केली. दादा म्हणाला, केला होता. कोणी पाहिलं? तो म्हणाला, "माझी बहीण आली होती चष्मा द्यायला. तिने पाहिलंय."

तिला बोलावलं. लांब टेबल होतं, पलीकडे तिघेजण, आणि भिंतीलगत दादा उभा होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या दिवशी तुम्ही डेपोत गेला होतात का, असं त्यांनी विचारलं. तिला एवढंच दिसलं, की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार: साफ केलेला फिल्टर सहा आठवड्यांत भरला कसा? आणि त्याचं उत्तर तिच्या खलात होतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तो नुसता गोंधळला होता. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि नोकरी गेली. पहिलं वर्षभर तो सांगत राहिला, केला होता. मग म्हणू लागला, बहुतेक केला होता. मग एके दिवशी त्याने बाजारातून एक नवी उशी आणली, खुर्चीवर ठेवली आणि म्हणाला, "नाही केला गं. मला आठवतंय आता. उन्हाचा कंटाळा आला म्हणून नुसती खूण केली."

त्या दिवशी तिने ओरडून सांगायला हवं होतं. तिने कप धुतले. लोक म्हणतात मन खातं. तिचं मन काही खात नव्हतं, ते फक्त बत्ता फिरवत होतं. भाजी चिरताना, जिना चढताना, तोच गुळगुळीत आवाज. सात नंबरचा लेप कंपनीने वर्षभरात गुपचूप काढून घेतला, डॉक्टरसाहेब दुसरीकडे गेले. कोणी काही विचारलं नाही, आणि तिने तोंडातून ब्र काढला नाही.

यंदा प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलायची ठरली. जुनी कपाटं रिकामी करताना मागच्या फळीवर तपकिरी पुडीची बाटली सापडली. तळाशी चिमूटभर उरली होती, आणि चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात सात. बाकीचे जेवायला गेले होते. तिने एक भाग काजळी, दहा भाग पूड मोजली. एक स्वच्छ चमचा घेतला. घड्याळ लावून दोन मिनिटं हलवलं, न दाबता. इतकी वर्षं माहीत असलेला आकडा तिने पहिल्यांदाच पाहिला. पाचशे सोळा.

रविवारी दुपारी तो कागद घेऊन ती तीन मजले उतरून दादाकडे आली. दादा अभ्रा बदलत होता.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं सांगितलं. दहा काळे चमचे, एक चकचकीत, सोमवारचा खल, चष्मा, लांब टेबल. कागद त्याच्या हातात दिला. चौकशीच्या ऑफिसला लिहिलेलं पत्रही दाखवलं, उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार होती ते. "तू फिल्टर साफ केला होतास, दादा. मी पाहिलं होतं. तुझी काही चूक नव्हती. मी खोटं बोलले."

दादाने चष्मा लावून कागद नीट वाचला. मेकॅनिकचा हात होता, आकड्यावर बोट ठेवूनच वाचायचा. मग त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली.

"तू लहानपणापासून अशीच," तो मायेने म्हणाला. "शाळेत माझ्या हातून काच फुटली तरी 'मी फोडली' म्हणून सांगायचीस."

"दादा, हे तसं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, कळतं मला. पण मी नव्हता गं साफ केला. मला अजून दिसतंय, ऊन कुठवर आलं होतं ते."

"तू पुरता काळा झाला होतास. मला म्हणालास, आज मी काजळीबाई. मी तुझ्या खिशात चष्मा घातला."

दादा थोडा वेळ विचार करत राहिला. खरंच करत होता, तिने त्याचं तोंड पाहिलं.

"नाही, छोटे," तो म्हणाला. "तू त्या दिवशी आलीच नव्हतीस."

तिला वाटलं होतं, तो रागावेल, रडेल, कदाचित हात उचलेल. त्या सगळ्याची तिने तयारी केली होती. पण तिने लांब टेबलापुढे जे पुसलं, ते दादाने स्वतःच्या डोक्यातूनही पुसून टाकलं होतं, आणि आता तिथे लिहायला जागाच राहिली नव्हती. तिला मनस्वी भीती वाटली. आपण खरं बोलायला इतका उशीर केला, की खरं ऐकणारा माणूस उरलाच नाही.

उरली होती ती खुर्ची.

तिला लाज वाटली, तरी ती वळली. इतक्या वर्षांत तिने त्या खुर्चीकडे सरळ कधी पाहिलं नव्हतं. नव्या अभ्र्याला इस्त्रीची घडी होती. ती त्या उशीच्या जरा वर, माणसाचा चेहरा असतो तिथे बघत म्हणाली, "तुम्हाला सांगायचंय." आणि तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, काही न गाळता. सोमवारी खल उचलताना कोण शीळ घालत होतं तेही. इंजिनावर पकडलं जाईल असं आपण म्हटलं, पण पकडलं जाऊ नये असंच आतून वाटत होतं, हेही. हे तिने दादाला सांगितलं नव्हतं. "साफ करणाऱ्याने साफ केला होता," ती शेवटी म्हणाली. "तो तुमच्यासाठी रोज दार उघडं ठेवतो. दोषी तो नव्हता. मी होते."

खोलीत आवाज नव्हता. बत्त्याचासुद्धा नव्हता, हे तिच्या जरा उशिराने लक्षात आलं.

दादा खुर्चीकडे बघत होता. इतकी वर्षं नजर चुकवत बघायचा, आज मान वर करून बघत होता. त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलं.

"छोटे," तो हळूच म्हणाला, "तो तुझ्याकडे बघतोय."

तिने विचारलं नाही, कसं कळलं. ती उठली, पत्र पर्समध्ये ठेवलं, आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"मी वर घेऊन जाते," ती म्हणाली.

दादा नको म्हणाला नाही. त्याने उशी नीट बसवली, कपाटातून दुसरा धुतलेला अभ्रा काढून तिच्या खांद्यावर टाकला. "रविवारी बदलायचा," त्याने सांगितलं, आणि तिला वाट करून द्यायला दार धरून उभा राहिला.

खुर्ची तशी हलकी होती, तरी पहिल्या मजल्यावर ती दम खायला थांबली. खालून दार लागल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, गंजलेली असल्यामुळे दोनदा अडत, कडी लागली.